गुप्तवार्तेतील दडलेले दुवे : टेक्स्ट मायनिंगच्या दाव्याची मुंबईच्या संदर्भात चिकित्सा

प्रस्तावना

मोठ्या दहशतवादी हल्ल्यांनंतर झालेल्या चौकश्यांमध्ये एक निष्कर्ष वेगवेगळ्या शब्दांत वारंवार आढळतो. माहिती उपलब्ध होती, परंतु ती वेळेवर जुळवली गेली नाही, असा तो निष्कर्ष होय. अमेरिकेवरील २००१ च्या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या आयोगाच्या २००४ मधील अहवालाने हा विचार जगभर रूढ केला. मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर आपल्याकडेही तीच भाषा बोलली जाऊ लागली. या निष्कर्षातूनच एका तंत्रविषयक दाव्याचा जन्म झाला. मानवी वाचकाला हजारो कागदांतील विखुरलेले संबंध दिसत नसतील, तर ते काम यंत्राकडे सोपवावे आणि यंत्राने मजकुराच्या ढिगाऱ्यातून दडलेले दुवे उकरून काढावेत, असे या दाव्याचे स्वरूप आहे. या पद्धतीस टेक्स्ट मायनिंग असे म्हणतात. मराठीत तिला संहिता-उत्खनन म्हणता येईल.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे तीन आहेत. पहिले, या पद्धतीचा मूळ तर्क समजून घेणे. दुसरे, हा तर्क सुरक्षाविषयक गुप्तवार्तेच्या क्षेत्रात आणला असता त्याची कोणती गृहीतके टिकतात व कोणती ढासळतात, हे मुंबई आणि तिच्या उपनगरांच्या अनुभवावरून तपासणे. तिसरे, मराठी भाषेतील मजकूर या पद्धतीपुढे कोणते विशेष प्रश्न उभे करतो, याची चर्चा करणे. तंत्रज्ञानाचा सरसकट निषेध वा सरसकट गौरव करणे हा या लेखाचा हेतू नाही. दुवा सापडणे आणि दुवा सिद्ध होणे यांतील अंतर स्पष्ट करणे एवढाच त्याचा हेतू आहे.

मूळ तर्क : दोन न भेटलेल्या ग्रंथसंग्रहांची कथा

मजकुरातील अप्रकट संबंध शोधण्याच्या विचाराचे श्रेय शिकागो विद्यापीठातील ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉन स्वॉन्सन यांच्याकडे जाते. १९८६ मध्ये त्यांनी एक साधे निरीक्षण मांडले. वैद्यकीय लेखांच्या एका गटात मासळीच्या तेलाचा रक्ताच्या दाटपणावर होणारा परिणाम नोंदवलेला होता. दुसऱ्या गटात रेनो या विकारात रक्ताचा दाटपणा वाढतो असे नोंदवलेले होते. हे दोन्ही गट परस्परांचा उल्लेख करीत नव्हते. पहिल्या गोष्टीचा दुसरीशी संबंध आहे आणि दुसरीचा तिसरीशी, तर पहिलीचा तिसरीशी संबंध असू शकेल, या तर्काने स्वॉन्सन यांनी मासळीचे तेल रेनो विकारात उपयुक्त ठरू शकेल असे अनुमान काढले. पुढे वैद्यकीय अभ्यासातून या अनुमानास काही पाठबळ मिळाले. १९८८ मध्ये त्यांनी अर्धशिशी आणि मॅग्नेशियम यांच्याबाबत अशीच मांडणी केली. १९९९ मध्ये मार्टी हर्स्ट यांनी ग्रंथशोध आणि टेक्स्ट मायनिंग यांत नेमका भेद केला. पहिल्यात कोणीतरी आधीच लिहिलेले शोधायचे असते, तर दुसऱ्यात कोणीच न लिहिलेले हाती येण्याची अपेक्षा असते.

हा तर्क आकर्षक आहे. परंतु स्वॉन्सन यांच्या यशामागील अटींकडे सहसा दुर्लक्ष केले जाते. त्यांचा मजकूर प्रकाशित होता. तो तज्ज्ञांनी तपासलेला होता. प्रत्येक लेखाचा कर्ता ज्ञात होता. पारिभाषिक संज्ञा बऱ्याच अंशी स्थिर होत्या. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, निघालेले अनुमान रुग्णांवरील चाचणीत तपासता येत होते आणि ते चुकीचे ठरले असते तरी कोणाला तुरुंगात जावे लागले नसते. गुप्तवार्तेच्या मजकुरात यांपैकी एकही अट पूर्ण होत नाही. खबऱ्याचे नाव गुप्त असते, माहितीचा उगम लपवलेला असतो, ती हेतुपुरस्सर चुकीची असू शकते आणि तिची पडताळणी बहुधा घटना घडून गेल्यावरच होते.

आणखी एक अडचण मधल्या दुव्याची आहे. सर्वत्र आढळणारे शब्द मधला दुवा म्हणून निरर्थक ठरतात, हे जाणवल्याने स्वॉन्सन आणि त्यांचे सहकारी नील स्मॉलहायझर यांनी आपल्या संगणकप्रणालीत असे शब्द वगळण्याची यादी ठेवली होती. उपनगरी मुंबईत हा प्रश्न किती गुंतागुंतीचा होतो, याची कल्पना सहज करता येते. अंधेरी स्थानक, एखादा सार्वजनिक दूरध्वनी केंद्राचा क्रमांक, साकीनाक्याचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान, सकाळची ठरावीक लोकल हे सारे हजारो माणसांच्या आयुष्यातील समान घटक आहेत. यांतील कोणता घटक 'सामान्य' म्हणून वगळायचा आणि कोणता 'संशयास्पद' म्हणून ठेवायचा, हा निर्णय यंत्र घेत नाही. ती यादी माणूस करतो. वस्ती, धर्म, मूळ गाव यांविषयीचे त्याचे पूर्वग्रह त्या यादीत उतरले, तर पुढे यंत्र ते पूर्वग्रह गणिताच्या रूपात परत करते.

मुंबईचा अनुभव : माहितीचा अभाव की अर्थाचा अभाव

मुंबईच्या उपनगरांनी या शतकाच्या पहिल्या दशकात सहन केलेल्या घटनांची यादी दीर्घ आहे. २ डिसेंबर २००२ रोजी घाटकोपर येथे बसमध्ये स्फोट झाला. जानेवारी २००३ मध्ये विलेपार्ले, १३ मार्च २००३ रोजी मुलुंड स्थानकात लोकलमध्ये आणि २८ जुलै २००३ रोजी पुन्हा घाटकोपर येथे बसमध्ये स्फोट झाले. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या सात लोकलगाड्यांच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत काही मिनिटांत स्फोट होऊन १८० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. माटुंग्यापासून बोरिवली आणि मीरा रोडपर्यंतचा पट्टा त्यात होरपळला. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याचे मुख्य क्षेत्र दक्षिण मुंबई असले, तरी विलेपार्ले येथे टॅक्सीत झालेला स्फोट त्याच कटाचा भाग होता.

२००८ च्या हल्ल्यानंतर महाराष्ट्र शासनाने माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान आणि माजी गुप्तचर अधिकारी व्ही. बालचंद्रन यांची समिती नेमली. समितीने एप्रिल २००९ मध्ये अहवाल दिला. हल्ल्यापूर्वीच्या काळात आलेल्या इशाऱ्यांपैकी ६ समुद्रमार्गे हल्ल्याविषयी, ११ एकाच वेळी अनेक ठिकाणी हल्ला होण्याविषयी आणि ३ कमांडो पद्धतीच्या हल्ल्याविषयी होते, हे त्यातून समोर आले. टेक्स्ट मायनिंगच्या पुरस्कर्त्यांना ही उदाहरणे आपल्या बाजूची वाटतात. बारकाईने पाहिल्यास मात्र ती नेमकी उलट दिशेने बोट दाखवतात. समुद्र, अनेक ठिकाणे, कमांडो पद्धत हे तिन्ही घटक मजकुरात उघडपणे लिहिलेले होते. ते दडलेले नव्हतेच. राज्य पातळीवर अशा सूचनांवर प्रक्रिया करण्याच्या व्यवस्थेत गोंधळ होता, हा समितीच्या टीकेचा रोख होता. कोणी वाचायचे, कोणी ठरवायचे, कोणी कृती करायची हे निश्चित नसेल, तर आणखी एका यंत्राने आणखी एक इशारा दिल्याने काय साधणार, हा प्रश्न शिल्लक राहतो.

रोबर्टा वोलस्टेटर यांनी पर्ल हार्बरवरील १९६२ च्या ग्रंथात संकेत आणि गोंगाट यांतील भेद मांडला होता. घटना घडल्यानंतर संकेत ठळक दिसतात, कारण त्यांच्याभोवतीचा गोंगाट तोवर विरून गेलेला असतो. मुंबईच्या इशाऱ्यांनाही हे लागू पडते. न घडलेल्या हल्ल्यांविषयीचे असंख्य इशारे कोणी आज मोजत नाही.

डेव्हिड हेडलीचे प्रकरण मात्र या पद्धतीच्या बाजूने अधिक बोलके आहे. २००६ मध्ये अमेरिकेत कायदेशीररीत्या नाव बदलून दाऊद गिलानी हा डेव्हिड कोलमन हेडली झाला आणि नव्या पारपत्रावर त्याने मुंबईची अनेकदा पाहणी केली. त्याच्या पत्नीने इस्लामाबाद येथील अमेरिकी दूतावासाकडे त्याच्याविषयी तक्रार केली होती. डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकी वृत्तसंस्थांनी प्रसिद्ध केलेल्या संयुक्त शोधवृत्तानुसार, अमेरिका, ब्रिटन आणि भारत या तिन्ही देशांच्या यंत्रणांकडे कटाचे वेगवेगळे तुकडे होते. हेडलीचा ईमेल-व्यवहार मात्र हल्ल्यापूर्वी कोणाच्या नजरेस आला नाही. दोन नावांमागील एकच व्यक्ती ओळखणे हे काम यंत्र माणसापेक्षा चांगले करू शकते, यात शंका नाही. परंतु त्यासाठी तीन देशांच्या नोंदी एकत्र याव्या लागल्या असत्या. येथे अडथळा अल्गोरिदमचा नव्हता. तो संस्थांच्या परस्पर अविश्वासाचा होता.

मराठी मजकुराचे प्रश्न

टेक्स्ट मायनिंगवरील बहुतांश साहित्य इंग्रजी मजकूर गृहीत धरून लिहिले गेले आहे. महाराष्ट्रातील पोलीस ठाण्यांचा दैनंदिन मजकूर मात्र मराठीत आहे. फिर्याद, जबाब, पंचनामा, स्टेशन डायरी यांची भाषा वृत्तपत्रीय मराठीपेक्षाही वेगळी आहे. 'सदर इसम', 'नमूद ठिकाणी', 'पंचांसमक्ष' अशा साच्यांनी ती भरलेली असते आणि बोलणाऱ्याचे मूळ शब्द या साच्यांत विरघळून जातात.

पहिला प्रश्न रूपविचाराचा आहे. इंग्रजीत स्थळनाम बहुधा बदलत नाही. मराठीत सामान्यरूप आणि प्रत्यय यांमुळे कुर्ला हे नाव कुर्ल्यात, कुर्ल्याहून, कुर्ल्याच्या अशा रूपांत येते. ही सर्व रूपे एकच मानण्यासाठी यंत्राला मराठी व्याकरण शिकवावे लागते. दुसरा प्रश्न संदिग्धतेचा आहे. 'ठाण्यात आणले' या शब्दांचा अर्थ ठाणे शहरात असा होतो की पोलीस ठाण्यात, हे संदर्भावरूनच कळते. ठाण्याच्या सीमेला लागून असलेल्या मुलुंडच्या नोंदींत ही संदिग्धता क्षुल्लक राहत नाही. एका शब्दाच्या चुकीच्या वाचनाने एखादी व्यक्ती तिने कधीही न पाहिलेल्या शहरात नोंदली जाऊ शकते. 'मामा', 'अण्णा', 'भाई' हे शब्द नातेवाचक आहेत, आदरार्थी आहेत आणि टोपणनावेही आहेत. 'मामा' म्हणजे आईचा भाऊ, की टोळीतील कोणी, की हवालदार, हे शब्दकोशावरून ठरत नाही.

तिसरा प्रश्न लिप्यंतराचा आहे. एकच मुस्लिम नाव उर्दूतून हिंदीत, हिंदीतून मराठीत आणि तेथून इंग्रजीत जाताना महंमद, मोहम्मद, मुहम्मद अशी रूपे घेते. ही रूपे एकत्र केली नाहीत तर खरा दुवा निसटतो. ती उदारपणे एकत्र केली तर एकाच नावाच्या अनेक निरपराध व्यक्ती एका व्यक्तीत मिसळतात. 'शेख' आणि 'खान' यांसारखी आडनावे ज्या वस्त्यांत घरोघरी आहेत, तेथे या दुसऱ्या चुकीचा भार कोणावर पडेल हे सांगण्याची गरज नाही.

चौथा प्रश्न अगदी भौतिक आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वीचा मराठी शासकीय मजकूर श्रीलिपी वा डीव्हीबी यांसारख्या फाँटांत टंकलिखित झाला. पडद्यावर मराठी दिसणारा हा मजकूर संगणकाच्या दृष्टीने रोमन अक्षरांची निरर्थक रांग असतो. त्याहून जुना मजकूर हस्तलिखित आहे. म्हणजे २००२ ते २००६ या काळातील कागद, जे जुळवणे सर्वाधिक महत्त्वाचे होते, तेच यंत्राला वाचण्यास सर्वांत कठीण आहेत.

याचा अर्थ मराठीत काहीच काम झाले नाही असा नव्हे. पवई येथील आयआयटी मुंबईच्या भारतीय भाषा तंत्रज्ञान केंद्राने मराठी शब्दजालाची निर्मिती केली. २०२२ मध्ये पुण्याच्या एल३क्यूब गटाने मराठी नामपदे ओळखण्यासाठी २५,००० वाक्यांचा हाताने चिन्हांकित केलेला संच प्रसिद्ध केला. परंतु अशा संचांची भाषा प्रायः वृत्तपत्रांची असते. बातमीच्या मराठीवर घडलेले प्रारूप पंचनाम्याच्या मराठीवर तेवढेच विश्वसनीय राहील, हे गृहीत धरता येत नाही.

पुनरावृत्ती म्हणजे पुष्टी नव्हे

या चिकित्सेतील मध्यवर्ती प्रश्न येथे येतो. टेक्स्ट मायनिंगच्या बहुतेक पद्धती वारंवारितेवर उभ्या आहेत. दोन नावे अनेक दस्तऐवजांत एकत्र आली, तर त्यांच्यातील दुवा बळकट मानला जातो. यामागे दस्तऐवज परस्परांपासून स्वतंत्र आहेत असे गृहीतक असते. तपासयंत्रणेच्या मजकुराबाबत हे गृहीतक अनेकदा खोटे ठरते.

११ जुलै २००६ च्या खटल्याचा प्रवास या दृष्टीने अभ्यसनीय आहे. दहशतवादविरोधी पथकाने सिमी आणि लष्कर-ए-तय्यबा यांच्याशी संबंध जोडून आरोपपत्र दाखल केले. २००८ मध्ये मुंबई गुन्हे शाखेच्या इंडियन मुजाहिदीनविषयक तपासातून त्याच स्फोटांचे कर्तृत्व दुसऱ्या गटाकडे नेणारे कथन पुढे आले. म्हणजे एकाच घटनेविषयी, एकाच शहरातील दोन पोलीस शाखांच्या कागदांतून, दोन परस्परविरोधी जाळी उभी राहिली. सप्टेंबर २०१५ मध्ये विशेष मोक्का न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवले आणि त्यांपैकी ५ जणांना फाशीची शिक्षा दिली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अभियोग पक्ष गुन्हा सिद्ध करण्यात पूर्णपणे अपयशी ठरल्याचे सांगत सर्व १२ जणांची निर्दोष मुक्तता केली. २४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल पूर्वोदाहरण म्हणून वापरण्यास स्थगिती दिली, मात्र सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठवले नाही.

मोक्का कायद्याच्या कलम १८ नुसार विशिष्ट दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यासमोरील कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य धरता येतो. या खटल्यातील कबुलीजबाबांचे काही भाग एकमेकांशी तंतोतंत जुळत असल्याचे निरीक्षण उच्च न्यायालयाने नोंदवले आणि त्यांच्या विश्वसनीयतेवर प्रश्नचिन्ह लावले. आता असा मजकूर टेक्स्ट मायनिंगच्या यंत्रापुढे ठेवला तर काय होईल, याचा विचार करावा. भिन्न व्यक्तींच्या जबाबांत तीच नावे, तीच स्थळे, तोच क्रम आढळल्याने यंत्र अत्यंत बळकट जाळे दाखवील. दुवा खराच असेल, पण तो आरोपींमधला नसून लिहिणाऱ्या हातांमधला असेल. यंत्राला दोन्ही सारखेच दिसतात.

येथेच एक महत्त्वाची शक्यताही दडलेली आहे. मजकुरातील साधर्म्य मोजणारे तंत्र नक्कल ओळखण्यासाठीही वापरता येते. महाविद्यालयांत शोधनिबंधांतील वाङ्मयचौर्य तपासण्यासाठी जी साधने रूढ झाली आहेत, त्याच जातीची साधने जबाबांची परस्परतुलना करू शकतात. मात्र संशयितांचे जाळे शोधण्यासाठी या तंत्राची जेवढी चर्चा होते, तपासकर्त्यांच्या मजकुराची चिकित्सा करण्यासाठी तेवढी होत नाही. हे मौन तांत्रिक नाही, ते राजकीय आहे.

घाटकोपरच्या २ डिसेंबर २००२ च्या स्फोटाचे प्रकरणही विसरता येणार नाही. त्या प्रकरणी अटक झालेल्या एका तरुण अभियंत्याचा जानेवारी २००३ मध्ये पोलीस कोठडीत मृत्यू झाला. उरलेले आरोपी २००५ मध्ये विशेष न्यायालयातून निर्दोष सुटले. चुकीच्या दुव्याची किंमत कोणाला आणि कशी मोजावी लागते, हे या घटनेतून कळते.

संख्येचे गणित आणि उत्तरदायित्व

२०११ च्या जनगणनेनुसार मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ९३.५ लाख होती. त्यांत समजा ५०० व्यक्ती खरोखर धोकादायक आहेत आणि एखादे यंत्र ९९ टक्के अचूक आहे. असे यंत्र ४९५ व्यक्ती बरोबर ओळखील, पण त्याच वेळी सुमारे ९३,५०० निरपराधांवरही बोट ठेवील. म्हणजे संशयित ठरलेल्या दर १९० व्यक्तींत एकच खरी असेल. साखळीच्या तर्काचेही असेच आहे. प्रत्येकाचे २०० संपर्क धरले, तर तिसऱ्या पायरीवर संख्या ८० लाखांपर्यंत जाऊ शकते. तीन पायऱ्यांत जवळजवळ सारे उपनगर एकमेकांशी 'जोडलेले' निघेल. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००८ मध्ये माहिती-उत्खननाद्वारे दहशतवाद्यांची आपोआप ओळख पटवणे व्यवहार्य नसल्याचा निष्कर्ष काढला, तो याच स्वरूपाच्या कारणांमुळे.

याउलट २०१६ मधील पनामा कागदपत्रांच्या शोधकार्यात सुमारे १.१५ कोटी दस्तऐवज संगणकीय साधनांनी चाळले गेले आणि ते काम यशस्वी झाले. तेथे यंत्राने केवळ शक्यता दाखवल्या. प्रत्येक दुवा पत्रकारांनी मूळ कागदावर तपासला आणि संबंधितांना उत्तर देण्याची संधी देऊन मगच जाहीर केला. तंत्र सारखेच असूनही फरक पडला तो पडताळणीच्या शिस्तीमुळे.

भारतात २००८ नंतर नॅटग्रिडची कल्पना पुढे आली. राज्यात २०२४ मध्ये पोलीस दलासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित मार्व्हल ही संस्था स्थापन झाली. यांची गरज नाकारता येणार नाही. परंतु जून २०११ मध्ये नॅटग्रिडला माहितीच्या अधिकाराच्या कक्षेतून वगळण्यात आले आणि २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातही अधिसूचित शासकीय यंत्रणांना सूट देण्याची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणाचा अधिकार मूलभूत मानताना कायद्याचा आधार, वैध हेतू आणि प्रमाणबद्धता या कसोट्या सांगितल्या. यंत्राने दाखवलेला दुवा कोणत्या कागदांवरून निघाला, हे न्यायालयालाही कळत नसेल, तर प्रमाणबद्धतेची कसोटी लावायची कशाला, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. टेक्स्ट मायनिंगने दाखवलेला दुवा हे तपासाचे आरंभस्थान असू शकते, पुरावा असू शकत नाही. प्रत्येक दुव्यासोबत त्याच्या उगमाची आणि मूळ दस्तऐवजांच्या परस्परस्वातंत्र्याची नोंद असल्याखेरीज वारंवारितेला अर्थ नाही. पोलिसी मराठीचा स्वतंत्र भाषिक अभ्यास झाल्याखेरीज मराठी मजकुरावर ही साधने वापरणे धोक्याचे आहे. आणि जे तंत्र संशयिताच्या मजकुराला लावायचे, तेच तपासकर्त्याच्या मजकुरालाही लागू झाले पाहिजे.

या कामात महाविद्यालयांना वाव आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार संवेदनशील प्रकरणे वगळता प्रथम माहिती अहवाल संकेतस्थळावर ठेवावे लागतात, आणि न्यायनिर्णयही खुले आहेत. व्यक्तींची ओळख झाकून या सार्वजनिक मजकुरावर मराठी, राज्यशास्त्र, विधी आणि संगणकशास्त्र या विभागांना एकत्र काम करता येईल. 'ठाण्यात' या एका शब्दाचा अर्थ यंत्र किती वेळा चुकीचा लावते, एवढे मोजले तरी त्यातून या चर्चेला ठोस आधार मिळेल. मुंबईच्या उपनगरांना सुरक्षिततेची गरज आहे, आणि चुकीच्या दुव्यापासून सुरक्षितता हीदेखील त्याच गरजेचा भाग आहे.